आयएफएससी आहे ना, मग हा स्विफ्ट कोड कशाला?

मागे भावाला जर्मनीतून घरी पैसे पाठवायचे होते, त्याने स्विफ्ट कोड मागितला आणि आम्ही पासबुकवरचा आयएफएससी दिला. दोन्ही अकरा अक्षरी, त्यामुळे शंकाच आली नाही, पण फॉर्म काही पुढे सरकेना. आयएफएससी फक्त देशातल्या एनईएफटी-आरटीजीएससाठी, बाहेरच्या बँकांना त्याच्याशी घेणंदेणं नाही.

स्विफ्ट कोडचं, म्हणजे बँकेच्या आंतरराष्ट्रीय पत्त्याचं, मूळ टेलेक्समध्ये आहे, म्हणजे टाईप केलेला निरोप तारेने दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्रात. १९७० च्या आधी एका देशातली बँक दुसऱ्या देशातल्या बँकेला टेलेक्स करायची, अमुक खात्यात अमुक रक्कम जमा करा, अशी सरळ वाक्यं टाईप करून. निरोप खरा की खोटा हे कळायला टेस्ट की, म्हणजे रक्कम, तारीख, चलन यांचे गुप्त आकडे कोडबुकातून शोधून बेरीज करायची आणि समोरच्याने तीच बेरीज परत करून ताळा बघायचा. क्लार्कने एक आकडा चुकवला की सगळं परत पहिल्यापासून, आणि प्रत्येक बँकेची लिहायची तऱ्हा वेगळी ती वेगळीच.

याला वैतागून १९७३ मध्ये १५ देशांतल्या २३९ बँका एकत्र आल्या आणि बेल्जियममध्ये स्विफ्ट नावाची सहकारी संस्था काढली, हो, सहकारीच, बँका स्वतःच सभासद! १९७७ मध्ये पहिला मेसेज गेला, तो पाठवला बेल्जियमच्या प्रिन्स अल्बर्टने. आता मशीनने मेसेज वाचायचा तर पत्ता ठरावीक साच्यात हवा, म्हणून हा कोड, ज्याला बीआयसी पण म्हणतात. पहिली चार अक्षरं बँकेची, दोन देशाची, दोन ठिकाणाची, आणि हवी तर शेवटी तीन शाखेची.

बरेच जण समजतात की पैसे स्विफ्टमधून येतात. तसं नाही, येतो फक्त निरोप. पैसे बँकांच्या एकमेकींकडे असलेल्या खात्यांत इकडचे तिकडे होतात, थेट खातं नसेल तर मधली बँक लागते आणि ती आपलं कमिशन कापून घेते, म्हणून रक्कम कमी दिसते.

भारत यात १९९१ मध्ये आला. स्टेट बँकेचा कोड बघा, एसबीआयएन, मग इंडियाचं आयएन आणि शेवटी मुंबईसाठी बीबी. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं, कोडमधले दोन बी मात्र अजून तसेच आहेत. आणि गावातल्या शाखेला स्वतःचा कोड बहुतेक नसतोच, तेव्हा मॅनेजरला विचारून मोठ्या शाखेचा घ्यायचा, आम्हीही शेवटी तेच केलं.