दंडधारी देव

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीच्या प्राचीन कलेत वारंवार आढळणारी देवप्रतिमा. समोर तोंड करून उभी आकृती आणि दोन्ही हातांत एकेक उभा दंड, ही तिची मुख्य खूण. बहुधा डोक्यावर भव्य मुकुट असतो, बऱ्याच ठिकाणी तोंडात सुळेही दिसतात. ‘दंडधारी देव’ हे नाव आधुनिक अभ्यासकांचे. ही प्रतिमा घडवणाऱ्यांनी लिखित मजकूर मागे ठेवलेला नाही, त्यामुळे देवाचे मूळ नाव त्यांच्याबरोबरच लोपले.

या प्रतिमेचा सर्वांत विलक्षण आविष्कार म्हणजे पेरूतील चाविन दे वांतार या चाविन संस्कृतीच्या धार्मिक केंद्रातील रायमोंदी शिळा. इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील ही घोटीव, सुमारे दोन मीटर उंचीची शिळा १८४० मध्ये एका शेतकऱ्याला सापडली आणि काही काळ त्याच्या घरी चक्क टेबल म्हणून वापरात होती. पुढे इटालियन निसर्गअभ्यासक अंतोनियो रायमोंदी यांच्या ती नजरेस पडली. १८७४ मध्ये ती पेरूची राजधानी लिमा येथे आली. शिळेवर देव फक्त खालच्या एक तृतीयांश भागात आहे, उरलेली सगळी जागा मुकुटाने व्यापली आहे. याच शिळेचे चित्र उलटे धरून पाहावे. रेषा त्याच राहतात, पण देवाच्या चेहऱ्याच्या जागी सरपटणाऱ्या प्राण्याचा हसरा चेहरा दिसू लागतो आणि मुकुटात एकाखाली एक सुळेवाल्या मुखांची माळ उमटते. एका रेषेकडून दोन रूपे वदवून घेणारी ही कारागिरी जगाच्या शिल्पकलेत दुर्मीळच म्हणावी लागेल.

हे रूप नेहमी पुरुषाचेच असते असे नाही. पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरील कार्वा येथे मिळालेल्या रंगवलेल्या सुती कापडांवर दंडधारी देवी आहे आणि तिच्या आकृतीतून कापसाची बोंडे फुटलेली आहेत. कापसावर कापूस देणारीचेच चित्र!

पुढे हुआरी आणि तिवानाकू संस्कृतींनीही हे रूप उचलले. बोलिव्हियात टिटिकाका सरोवराजवळ तिवानाकूचे सूर्यद्वार एकाच अखंड पाषाणातून कोरलेले आहे. त्याच्या मध्यभागी पायऱ्यांच्या चौथऱ्यावर हा देव उभा असून डोक्याभोवती किरण आहेत. दोन्ही बाजूंनी पंखधारी सेवक ओळीने त्याच्याकडे धावत येतात. इंका लोकांचा सृष्टिकर्ता विराकोचा तो हाच, असे अनेकदा सांगितले जाते. मात्र चाविन संस्कृती आणि इंका साम्राज्य यांच्यात दीड हजाराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. रूप टिकले म्हणून देवही तोच राहिला, असे त्यावरून ठरत नाही.