सतरंजी जागची का हलते?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या समाजमंदिरात सायंप्रार्थना आटोपली आणि लोक उठू लागले, त्या वेळी आमच्या मोठ्या आई दारापाशी पडल्या. त्यांचा पाय घसरला नव्हता. पायाखालची सतरंजी वीतभर पुढे सरकली, तिची एक घडी उभी राहिली आणि दुसरे पाऊल त्या घडीत अडकले. पडताना त्यांनी हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. त्या पन्नास वर्षांपासून त्याच जागी, तशाच सतरंजीवर बसत आल्या होत्या. बदलली होती ती फक्त जमीन, कारण दोन वर्षांपूर्वी तिथे गुळगुळीत, चकचकीत टाइल्स बसवल्या गेल्या होत्या.

विदर्भातील खेड्यांमध्ये हा बदल गेल्या काही वर्षांत घरोघरी झाला आहे. शेणामातीने सारवलेली जमीन जाऊन आधी कोबा किंवा शहाबादी फरशी आली आणि आता घरकुलाच्या दोन खोल्यांतही टाइल्स दिसतात. सारवलेल्या जमिनीवर हाताच्या बोटांचे वळ असतात, शेणातील गवताच्या काड्या वर आलेल्या असतात, आणि सतरंजीचे सुती धागे त्या खरबरीतपणात रुतून बसतात. काचेसारख्या टाइलवर धाग्यांना धरायला काही उरत नाही. जमीन बदलली तरी अंथरण्याची रीत तीच राहिली, म्हणून सतरंजी जमिनीला धरून ठेवण्याच्या साधनांचा विचार आता आपल्याकडेही करायला हवा असे मला मनापासून वाटते.

घर्षणाचे साधे नियम फ्रान्समधील गियोम आमोंतों यांनी 1699 मध्ये मांडले आणि शार्ल कूलॉम यांनी 1785 च्या सुमारास ते अधिक काटेकोर केले. दोन पृष्ठभागांमधील घर्षण हे त्यांना एकमेकांवर दाबणाऱ्या वजनाच्या प्रमाणात असते. घर्षणाला या दाबाने भागले की येणाऱ्या संख्येला घर्षण गुणांक म्हणतात. सपाट जमिनीवर सावकाश चालणारा माणूस टाच टेकताना स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका आडवा जोर पायाखालच्या वस्तूवर लावतो. म्हणजेच सतरंजी आणि फरशी यांच्यामधील गुणांक 0.2 च्या वर असेल तर सतरंजी टिकते आणि त्याखाली गेला तर ती सरकते. वळताना, घाईत असताना किंवा खाली बसलेला माणूस हात टेकून उठताना हा आकडा वाढतो. वजन वाढले की आडवा जोर वाढतो आणि घर्षणही तेवढेच वाढते, त्यामुळे सडपातळ मुलगा आणि धिप्पाड गडी यांच्यात फरक पडत नाही. दोघांच्याही पायाखालची सतरंजी सारखीच घसरू शकते.

हा गुणांक घरीही मोजता येतो. एका टाइलवर सतरंजीचा तुकडा ठेवावा, त्यावर लोखंडी वजन ठेवावे आणि टाइल एका बाजूने हळूहळू उचलत जावी. तुकडा ज्या क्षणी सुटतो, त्या क्षणी उचललेल्या कडेची उंची आणि जमिनीवरील आडवे अंतर यांचा भागाकार म्हणजे गुणांक. आडवे अंतर 50 सेंटिमीटर आणि उंची 15 सेंटिमीटर असेल तर उत्तर 0.3 येते. नंतर त्याच टाइलवर अंगणातील बारीक धुळीची चिमूट पसरून प्रयोग पुन्हा करून पाहावा. धुळीचे कण बारीक छर्ऱ्यांसारखे काम करतात आणि तुकडा आधीपेक्षा लवकर सुटतो. उन्हाळ्यात दारातून येणारा धुरळा हीच करामत न सांगता करत असतो.

प्रार्थना चालू असताना सतरंजी कधी सरकत नाही, कारण तिच्यावर तीस-चाळीस माणसांचे वजन असते. लोक उठले, अर्धे बाहेर गेले आणि उरलेले दाराकडे चालू लागले की तीच सतरंजी जवळजवळ रिकामी आणि हलकी असते, आणि नेमक्या त्याच वेळी तिच्यावर सर्वांत जास्त पावले पडतात. मोठ्या आई पडल्या ती वेळ हीच होती.

पण सतरंजी सरकते म्हणजे नेमके काय होते, हा या विषयातील सर्वांत रोचक भाग आहे. ती अखंड सरकत नाही. पायाखालचा तुकडा पुढे ढकलला जातो. कापड ताण सहन करते, मात्र त्याला ढकलले की ते दुमडते, म्हणून पावलाच्या पुढे एक सुरकुती उभी राहते. ही सुरकुती जमिनीपासून सुटलेली असल्यामुळे तिला पुढे सरकवायला फारच थोडा जोर लागतो. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली की सतरंजी सुरकुतीत दडलेल्या लांबीइतकी पुढे सरकलेली असते. सोयाबीनच्या पानावर उंटअळी कशी चालते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे लगेच उमगेल. ती मागचे पाय पुढे आणते, पाठीची कमान करते आणि ती कमान पुढे सोडून देते. कोणत्याही क्षणी तिचे सगळे अंग पान सोडत नाही. बिछायतीचे काम करणारी पोरे मोठी ताडपत्री सरकवताना हेच जाणीवपूर्वक करतात. एका कडेला झटका देतात, ताडपत्रीखाली हवा शिरते, एक लाट निघते आणि दोन माणसांना न ओढता येणारी ताडपत्री हातभर पुढे जाते.

याच कल्पनेने धातुशास्त्रातील एक मोठे कोडे सुटले. लोखंडाच्या स्फटिकातील अणूंचे थर एकमेकांवरून एकदम सरकवायला किती जोर लागेल याचे गणित मांडले, तर तो प्रत्यक्षात लागणाऱ्या जोराच्या हजारो पटींनी जास्त निघत असे. मग तार इतक्या सहज का वाकते? जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी 1934 मध्ये स्वतंत्रपणे एकच उत्तर दिले. थर एकदम सरकत नाहीत. स्फटिकाच्या रचनेतील एक दोषरेषा, जणू अणूंची सुरकुती, थरातून प्रवास करते. भौतिकशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट आजही गालिचाच्या सुरकुतीचे उदाहरण देऊन शिकवली जाते.

सुरकुतीला उभे राहण्यासाठी कापडात थोडा ढिलेपणा, म्हणजे जास्तीची लांबी लागते. ती मिळू दिली नाही तर सुरकुतीच पडत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घालण्याच्या पद्धतीत याच तत्त्वावर चालणारे एक साधे पण अतिशय विचारपूर्वक घडवलेले साधन वापरतात. प्लायवुडची साधारण 25 मिलिमीटर रुंद पट्टी भिंतीच्या कडेने ठोकलेली असते आणि तिच्यातून बारीक टोकदार खिळ्यांच्या रांगा वर आलेल्या असतात. हे खिळे सरळ उभे नसतात, ते भिंतीकडे झुकलेले असतात. गालिचा गुडघ्याने धक्का द्यायच्या एका अवजाराने ताणून या खिळ्यांत अडकवतात. चार मीटरच्या खोलीत तो साधारण चार ते सहा सेंटिमीटर ताणला जातो. ताणलेला गालिचा आत ओढ घेतो, पण खिळे बाहेरच्या बाजूला झुकलेले असल्यामुळे ती ओढ गालिचाला वर सुटू न देता खिळ्यांच्या बुडाशीच नेते. जितका ताण जास्त, तितकी पकड घट्ट.

मांडवाची खुंटी ठोकणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. तोही खुंटीचे डोके मांडवापासून दूर झुकलेले ठेवतो, म्हणजे दोराच्या ओढीने फास वर सरकत नाही. खिळ्यांची ती पट्टी म्हणजे या खुंट्यांचीच एक लहानशी रांग आहे. मात्र ती ठोकायला लाकडी तळ किंवा खिळा धरणारे काँक्रीट लागते. टाइलवर ती ठोकता येत नाही, आणि पातळ सुती सतरंजीसाठी ती मुळात बनवलेलीही नाही. जिन्यावरच्या गालिचासाठी पायरीच्या कोपऱ्यात बसवायचे पितळी गज आणि दाराच्या उंबरठ्यावरची ॲल्युमिनियमची पट्टी यांचेही तसेच आहे. त्यांना स्क्रूसाठी भोके पाडावी लागतात आणि टाइलला तडा जाण्याची भीती असते.

लग्नाच्या मांडवात मातीवर मॅटिंग अंथरताना आपले बिछायतवाले जे करतात, ते मात्र जवळून पाहण्यासारखे आहे. खिळा थेट न ठोकता तो सोड्याच्या बाटलीच्या पत्र्याच्या बुचातून ठोकतात. खिळ्याचे डोके आठ मिलिमीटरचे असेल आणि बूच 26 मिलिमीटरचे, तर बुचाखालचे क्षेत्रफळ दहापटींहून अधिक होते. पाऊल अडखळून मॅटिंग ओढले गेले की तो जोर एका बिंदूवर न येता पसरतो आणि कापड खिळ्याभोवती फाटत नाही. खालची माती मात्र दर मोसमात वेगळी वागते. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसून भेगाळते. पावसानंतरच्या दिवसांत घट्ट बसलेला खिळा मे महिन्यात भेगेच्या कडेला पडला, तर बोटाने उपटून येतो. त्यामुळे उन्हाळ्यातील लग्नात मुरुमाची जागा बघून आणि लांब खिळे वापरून बिछायत ठोकणारा माणूस मला नेहमी कसबी वाटत आला आहे.

टाइलसाठी उरतात ती चिकटणारी आणि धरणारी साधने. दुहेरी चिकटपट्टीचा डिंक मऊ असतो म्हणूनच तो पृष्ठभागाच्या बारीक खाचांत शिरतो. हाच मऊपणा उन्हाळ्यात आड येतो. पारा 45 अंशांच्या पुढे गेला आणि पत्र्याखालची फरशी तापली की डिंक हळूहळू वाहू लागतो, पट्टी सरकते आणि सतरंजी काढली की टाइलवर काळा चिकट थर राहतो. धुळीवर तर ती मुळात चिकटतच नाही. वेल्क्रोची गोष्ट निराळी. जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस अभियंत्याने 1941 मध्ये आपल्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली बोंडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्यांवरचे आकडे त्याच्या लक्षात आले आणि त्यातून ही पट्टी जन्मली. शेतातून येताना धोतराला लागणारे गोखरू असेच आकड्यांनी धरते. वेल्क्रो आडव्या ओढीला जोरदार टिकतो आणि कोपऱ्यापासून सोलला की सहज निघतो, कारण सोलताना आकड्यांची एकेकच ओळ सुटते. सुरकुतीचेच तत्त्व इथेही दिसते. म्हणून वेल्क्रो किंवा चिकटपट्टी लावायचीच असेल तर कोपऱ्यावर चौकोनी तुकडा न लावता पूर्ण कडेने लावावी, म्हणजे पावलाने कड उचलायला सुरुवातच होत नाही.

सर्व विचार करता खेड्यातील टाइलवर सर्वांत योग्य वाटते ती अँटी-स्लिप मॅट, म्हणजे सतरंजीखाली अंथरायची रबरी जाळी. रबर मऊ असल्यामुळे टाइलच्या सूक्ष्म उंचसखलपणात बसते, त्याचा खरा स्पर्श खूप वाढतो आणि त्याची पकड सुती कापडाच्या कितीतरी पुढे जाते. मात्र अगदी स्वस्त जाळ्या प्लास्टिकच्या असतात, उन्हाने ठिसूळ होतात आणि काही टाइलवर डाग सोडतात, हे विकत घेताना पाहावे.

आमच्या समाजमंदिरात सतरंज्या बदलल्या नाहीत. अकोटच्या विणीच्या त्या जुन्या जाड सतरंज्या अजून चांगल्या आहेत. पूर्वी त्या एकमेकींवर अर्ध्या हाताने चढवून अंथरत, त्यामुळे मधोमध चार कडा उघड्या राहत. आता त्या टोकाला टोक लावून दाभणाने आणि सुतळीने शिवून घेतल्या आहेत. दाराकडील चार हात लांबीखाली रबरी जाळी आहे आणि दाराच्या वाटेत सतरंजीची कड येऊ नये म्हणून सगळी बिछायत दोन हात मागे घेतली आहे. मोठ्या आईंचे मनगट जुळून आले आहे आणि त्या पूर्वीच्याच जागी बसतात. जाळी मात्र धुळीने भरते. महिन्यातून एकदा ती बाहेर काढून हौदावर साबणाने धुवावी लागते, सावलीत वाळवावी लागते आणि जाळी परत घालण्याआधी टाइल ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी लागते. हे काम दर अमावस्येला कोणाकडे आहे, ते फळ्यावर खडूने लिहिलेले असते.