आंतरराष्ट्रीय उच्च-लाभांश ईटीएफ : गोव्यातील गुंतवणूक

परदेशी कंपन्यांपैकी चढ्या दराने लाभांश देणाऱ्यांचे शेअर एखाद्या निर्देशांकाप्रमाणे बाळगणारा आणि स्वतःची युनिटे शेअर बाजारात रोज खरेदी-विक्रीस खुली ठेवणारा फंड. गोव्यातील विवाहित गुंतवणूकदाराच्या बाबतीत अशा फंडाला एक वेगळी कायदेशीर बाजू आहे. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लाभांशाचे उत्पन्न पती-पत्नींत निम्मे-निम्मे विभागले जाते आणि परदेशात कापलेला कर वसूल होतो की बुडतो, हे पुष्कळदा त्या विभागणीवर ठरते.

उगम : ईटीएफचा आरंभ सर्वसाधारणपणे 1990 मधील टोरोंटो बाजारातील फंडापासून धरतात. अमेरिकेत हा प्रकार जानेवारी 1993 मध्ये आणि भारतात डिसेंबर 2001 मध्ये निफ्टी बीजच्या रूपाने आला. आंतरराष्ट्रीय लाभांश शाखेचा पहिला फंड कोणता, यावर एकमत नाही. काहीजण 2005 मधील पॉवरशेअर्सच्या फंडाला पहिला मान देतात. मात्र त्याची निवड लाभांश सतत वाढवत नेणाऱ्या कंपन्यांची होती, चढ्या दराची नव्हती. त्यामुळे काटेकोर अर्थाने जून 2006 मध्ये विज्डमट्रीने आणलेल्या फंडांपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे आयशेअर्सचा आयडीव्ही (2007), व्हॅनगार्डचा आयर्लंडस्थित व्हीएचवायएल (2013), अमेरिकास्थित व्हीवायएमआय (2016) आणि श्वाबचा एससीएचवाय (2021) हे फंड आले.

निवडीचे निकष : नावे सारखी असली तरी आतला माल वेगळा असतो. व्हीवायएमआयचा निर्देशांक पुढील बारा महिन्यांच्या अंदाजित लाभांश-दरानुसार कंपन्यांची क्रमवारी लावतो, वरचा भाग घेतो आणि वजन बाजारमूल्यानुसार देतो. एससीएचवाय सलग दहा वर्षे लाभांश दिल्याची अट घालून कर्जाच्या तुलनेतील रोख प्रवाह आणि भागधारकांच्या भांडवलावरील परतावाही तपासतो. केवळ दरावर भर देणाऱ्या निर्देशांकात भाव कोसळलेली कंपनी आपोआप वर चढते, कारण दर हा लाभांश भागिले भाव असतो. मार्च 2020 मध्ये युरोपियन मध्यवर्ती बँकेने बँकांना लाभांश न देण्याची शिफारस केली आणि पुढच्याच महिन्यात शेल कंपनीने तिमाही लाभांश 47 सेंटवरून 16 सेंटवर आणला. मागील वर्षाच्या दरावर भिस्त ठेवणाऱ्यांना त्याचा फटका बसला. युरोपातील बऱ्याच कंपन्या वर्षातून एकदा-दोनदाच, आणि तेही वसंत ऋतूत, लाभांश देतात. त्यामुळे फंड तिमाही वाटप करत असला तरी चारही हप्ते सारखे येत नाहीत. जून तिमाहीचा हप्ता चारने गुणून वार्षिक उत्पन्न काढू नये.

पैसे पाठवण्याची पद्धत : रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना (एलआरएस) 2004 मध्ये 25,000 डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली. सध्याची मर्यादा प्रत्येक निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलर आहे. पती आणि पत्नी यांची मर्यादा वेगवेगळी असते. विदेशी चलन हाताळणाऱ्या बँक शाखेत फॉर्म ए-2 भरताना उद्देश-संकेतांक एस0001 द्यावा. वर्षभरात पाठवलेली रक्कम 10 लाख रुपयांच्या वर गेली की वरच्या रकमेवर 20% टीसीएस (बँकेने पाठवणाऱ्याकडून आगाऊ घेतलेला आयकर) गोळा होतो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. पाठवलेली रक्कम 180 दिवसांत गुंतवली नाही, तर परत आणावी लागते. दर खेपेला बँकेचे ठोक शुल्क लागत असल्याने लहान रकमा दरमहा पाठवणे महागात पडते.

कराचे थर : व्हीवायएमआयसारख्या अमेरिकास्थित फंडात कर दोनदा कापला जातो. कंपनीचा देश फंडाला मिळणाऱ्या लाभांशातून कर कापतो (स्वित्झर्लंडचा मूळ दर 35%, ब्रिटनचा सर्वसाधारण शेअरवर शून्य). नंतर फंडाने वाटलेल्या रकमेवर अमेरिका भारतीय निवासीकडून भारत-अमेरिका कर करारानुसार 25% कापते. त्यासाठी ब्रोकरकडे डब्ल्यू-8बेन फॉर्म (आपण अमेरिकेचे करनिवासी नसल्याची घोषणा) द्यावा लागतो. सहीच्या वर्षानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाअखेर तो संपतो आणि नवा दिला नाही, तर कपात 30% होते. करारापेक्षा जास्त कापलेल्या 5 टक्क्यांची सवलत भारत देत नाही. पहिल्या थरातला कर फंडाने भरलेला असल्याने तोही गुंतवणूकदाराला भारतात मागता येत नाही. आयर्लंडस्थित फंडात पहिला थर राहतो, पण बाहेरच्या निवासीला वाटप करताना आयर्लंड काही कापत नाही. अशी युनिटे लंडनच्या बाजारात मिळतात.

कलम 5अ आणि परदेशी कर : आयकर अधिनियम, 1961 मध्ये हे कलम 1994 च्या वित्त अधिनियमाने, 1 एप्रिल 1963 पासून पूर्वलक्षी प्रभावाने आले. त्याआधी गोव्यातील जोडप्याची आकारणी दोन स्वतंत्र व्यक्ती म्हणून करावी की व्यक्तींचा समूह म्हणून, हा जुना वाद होता. (2025 चा अधिनियम 1 एप्रिल 2026 पासून लागू असून क्रमांक बदलले आहेत, येथे जुने दिले आहेत.) सामाईक मत्तेची वैवाहिक पद्धत लागू असलेल्या जोडप्याचे पगाराखेरीजचे सर्व उत्पन्न दोघांत समान विभागले जाते. युनिटे एकट्याच्या नावावर असली तरी यात फरक पडत नाही. नोंदणी कार्यालयात लग्नाची सही होण्यापूर्वी नोटरीसमोर विभक्त मालमत्तेचा करार केलेला असेल, तर कलम लागू होत नाही. म्हणून आधी तो करार आहे की नाही ते पाहावे.

विभागणी विवरणपत्राच्या अनुसूची 5अ मध्ये दाखवतात. या अनुसूचीत उत्पन्न आणि टीडीएस (उगमस्थानी कापलेला कर) विभागण्याचे रकाने आहेत, परदेशी कराचा रकाना नाही. टीडीएसची विभागणी नियम 37बीए मध्ये स्पष्ट आहे. परदेशी कराची सवलत देणारा नियम 128 मात्र करदात्याने स्वतः भरलेल्या कराबद्दल बोलतो आणि ब्रोकरचे प्रमाणपत्र एकाच्याच नावे असते. शब्दशः वाचन करणारे म्हणतात, सवलत फक्त नाव असलेल्याला. दुसरे मत असे की उत्पन्न ज्याच्या हाती करपात्र, त्याच प्रमाणात कराची सवलत. त्याच नियमात सवलत संबंधित उत्पन्न कराला आणण्याशी जोडलेली असल्याने दुसरे मत अधिक सुसंगत ठरते. त्यानुसार दोघांनीही परदेशी कराची सवलत मागणारा आपापला फॉर्म 67 भरावा.

सवलत भारतातील करापेक्षा जास्त मिळत नाही आणि तो कर बहुधा सरासरी दराने मोजतात. येथेच गोव्यातील जोडप्याचे नुकसान होते. अमेरिकी फंडातून 1,00,000 रुपये लाभांश आला आणि 25,000 कापले गेले, असे धरू. पतीचा सरासरी दर 20%, पत्नीला करपात्र उत्पन्न नाही. प्रत्येकाच्या वाट्याला 50,000 उत्पन्न व 12,500 परदेशी कर. पतीला 10,000 ची सवलत मिळते, 2,500 जातात. पत्नीचा कर शून्य, म्हणून तिचे 12,500 पूर्ण जातात. एकूण 15,000 रुपये बुडाले. विभागणीमुळे भारतातील कर कमी होतो, पण अमेरिका आपला कर परत करत नाही. आयर्लंडस्थित फंडात हा दुसरा थरच नसल्याने विभागणीचा लाभ पूर्ण पदरात पडतो. अशा घरासाठी तोच पर्याय योग्य.

नोंदी व चुका : परदेशी मालमत्ता असल्यास आयटीआर-1 हे साधे विवरणपत्र चालत नाही. परदेशी मालमत्तेची अनुसूची एफए कॅलेंडर वर्षानुसार, तर उत्पन्न आर्थिक वर्षानुसार दाखवायचे असते आणि सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. लाभांशाचे रुपयांत रूपांतर आदल्या महिन्याच्या अखेरच्या स्टेट बँकेच्या टीटी (टेलिग्राफिक ट्रान्सफर) खरेदी दराने करतात. बँकेत प्रत्यक्ष मिळालेला दर धरू नये. सामाईक मत्तेत जोडीदार निम्म्याचा मालक असल्याने सावध सल्लागार दोघांच्याही अनुसूची एफएमध्ये तपशील देतात. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर 2024 पासून स्थावर सोडून एकूण 20 लाखांपर्यंतच्या मत्तेला त्यातून सूट आहे. युनिटे 24 महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकल्यास नफ्यावर 12.5% कर लागतो. हा नफाही निम्मा विभागला जातो.

वारसा : अमेरिकास्थित युनिटे 60,000 डॉलरच्या वर असतील, तर अमेरिकेचा नागरिक वा निवासी नसलेल्याच्या मृत्यूनंतर 40 टक्क्यांपर्यंत वारसा कर लागू शकतो. भारताशी याबाबत करार नाही. आयर्लंडस्थित युनिटांना तो लागत नाही. पोर्तुगीज संहिता गोमंतकीयांच्या गोव्याबाहेरील, भारतात कुठेही असलेल्या मालमत्तेला लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटले. परदेशी शेअर त्या वाक्यात बसत नाहीत. तरी स्पेशल नोटरीसमोरचा वारसा दस्त करताना त्यांचा उल्लेख असावा, कारण परदेशी ब्रोकर कागदावर लिहिलेलेच पाहतो.

आखातातून किंवा जहाजावरून परतलेल्यांनी अनिवासी असताना घेतलेली युनिटे फेमाच्या (विदेशी चलन व्यवस्थापन कायदा) कलम 6(4) नुसार तशीच ठेवता येतात आणि ती एलआरएसच्या मर्यादेत मोजली जात नाहीत.