प्रतिबिंब गडद दिसतं, म्हणजे फोटो बिघडला असं नाही

नागपूरच्या गांधीसागर तलावातल्या महादेव मंदिराचा कृष्णधवल फोटो दाखवला, की एक सल्ला हमखास मिळतो: पाण्यातलं मंदिर वरच्याइतकंच उजळ हवं, नाहीतर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घेतला ते) चुकलं. वर्षानुवर्षं फिरणारा हा समज चुकीचा आहे. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवतं. नजर तिरपी होत जाईल तसं प्रमाण वाढतं, पण काठावर उभं राहून ते १०० टक्क्यांपर्यंत जात नाही. कॅमेरा पाण्यालगत खाली आणा, प्रतिबिंब तिथल्या तिथे उजळेल.

एडिटिंगमध्ये फोटो उलटा करून खाली जोडणाऱ्यांसाठी तर आणखी महत्त्वाचं: कॅमेरा पाण्याच्या जितका वर, तितकंच खालून पाहिल्यासारखं प्रतिबिंब दिसतं. म्हणून छज्ज्याचा तळ वरच्यापेक्षा पाण्यात जास्त दिसतो. जोडकाम नेमकं इथेच उघडं पडतं.

लाल फिल्टर लावलात, तर निळं आकाश काळवंडतं आणि त्याच आकाशाचं प्रतिबिंब घेणारं पाणीही. रंग नसताना खोली दाखवायला छटांमधला फरकच उरतो. तो कृपया पुसू नका.