तीनशे दोन आणि ‘दुष्टबुद्धीने’: धर्मभावनेच्या कायद्याची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२४ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या शहा-पांचाळे गावात हरिनाम सप्ताह चालू होता. तिथल्या प्रवचनातल्या एका विधानावरून वाद पेटला आणि येवल्यात, शेजारच्या वैजापुरात गुन्हे नोंदले गेले. भारतीय न्याय संहिता लागू होऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. कलमांचे आकडे पोलिसांनाही नवे होते आणि वाचकांनाही. जुन्या दंड संहितेत तीनशे दोन म्हणजे खून. सिनेमा बघूनबघून ते पोरासोरांनाही पाठ. नव्या संहितेत ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारणं. ‘अमक्यावर तीनशे दोन लागलं’ हे ऐकून चहाच्या टपरीवर माणसं दचकतात, ती त्यामुळे.

३०२ आणि त्याच्या तीन घरं अलीकडचं २९९ ही दोन कलमं बोलताना एकच समजली जातात. ठाण्यात मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कल्पना करा, रात्री साडेदहाला दहा-बारा पोरं घोळक्याने ठाण्यात येतात. सगळ्यात पुढच्याच्या हातात मोबाइल, त्यावर कुणाच्या तरी स्टेटसचा स्क्रीनशॉट. ‘साहेब, आमच्या भावना दुखावल्यात.’ ठाणे अंमलदाराला ठरवायचं असतं की हे ३०२ आहे का २९९. ३०२ अदखलपात्र आणि जामीनपात्र: एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहायची, समज द्यायची, कोर्टाची वाट दाखवायची. २९९ दखलपात्र आणि अजामीनपात्र: एफआयआर, आणि हवी तर रात्रीच अटक. बाहेर घोळका वाढत असला की अंमलदाराचं पेन कुठल्या आकड्याकडे झुकतं, हे वेगळं सांगायला नको.

‘दुखावणं’ हा शब्द बसतो तो ३०२ ला. २९९ ला नुसतं दुखावणं पुरत नाही. तिथे धर्माचा किंवा धर्मश्रद्धेचा अपमान लागतो, आणि तोही जाणूनबुजून व दुष्टबुद्धीने केलेला. यातला ‘दुष्टबुद्धीने’ कुठून आला, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

सुरुवात मेकॉलेपासून. त्याच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा केला, १८६० मध्ये तिचा कायदा झाला, १८६२ पासून ती लागू झाली. धर्माविषयीच्या गुन्ह्यांचं प्रकरण तिच्यात पहिल्यापासून होतं, आणि त्यामागचं सूत्र साधं होतं: ज्याने त्याने आपला धर्म पाळावा, दुसऱ्याच्या धर्माचा अपमान करू नये. राज्यकर्त्यांना इथल्या देवांचं प्रेम होतं असं नव्हे. त्यांना दंगल नको होती. चार कलमं केली. २९५ प्रार्थनास्थळ किंवा पवित्र वस्तू फोडण्या-विटाळण्याबद्दल, २९६ धार्मिक जमावात व्यत्यय आणण्याबद्दल, २९७ दफनभूमीत घुसण्याबद्दल आणि २९८ तोंडाने दुखावण्याबद्दल.

यातल्या २९५ कडे नाशिककराने नीट बघावं. ‘विटाळणे’ हा शब्द इंग्रज मसुदाकाराने लिहिला तेव्हा त्याच्या मनात घाण टाकणं वगैरे असावं. आपल्याकडे विटाळ म्हणजे काय, ते समाजाने आधीच ठरवलेलं होतं. १९२४ च्या निकालसंग्रहात छापलेला नागपूरचा एक निकाल आहे. गावातल्या देवाच्या आवारात शिरलेल्या महारांना २९५ खाली दोषी ठरवलं गेलं. कारण एकच: रूढीनुसार ज्याच्या स्पर्शाने विटाळ होतो त्याचं आत येणं हाच विटाळ. सर्वांच्या श्रद्धा सांभाळायला केलेलं कलम श्रद्धाळू माणसालाच देवळाबाहेर ठेवायला वापरलं गेलं.

आता लाहोर. १९२४ मध्ये राजपाल नावाच्या प्रकाशकाने पैगंबरांच्या खासगी आयुष्यावर ‘रंगीला रसूल’ ही पुस्तिका काढली. खटला भरला गेला तो १५३अ खाली. हे कलम १८९८ मध्ये आलेलं, दोन समाजांत वैर वाढवण्याबद्दलचं. खालच्या कोर्टांनी शिक्षा दिली, पण मे १९२७ मध्ये लाहोर हायकोर्टात न्यायमूर्ती दलीप सिंग यांनी राजपालला सोडलं. पुस्तिका द्वेषाची आहे, पण दिवंगत धर्मसंस्थापकावरची टीका १५३अ मध्ये बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. पंजाबात आंदोलन उभं राहिलं, आणि अशा लिखाणासाठी वेगळं कलम करणारं विधेयक सरकारने आणलं. त्याच उन्हाळ्यात अमृतसरच्या ‘रिसाला-ए-वर्तमान’ या नियतकालिकातल्या लेखावर दुसरा खटला उभा राहिला, आणि ऑगस्टमध्ये त्याच हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी उलट निकाल दिला: असा हल्ला १५३अ मध्ये बसतो. म्हणजे जी फट बुजवायला नवा कायदा हवा होता, ती कोर्टाने आधीच बुजवली होती. तरीही विधेयक पुढे गेलं. लोकांचा राग एकदा सिमल्यापर्यंत, म्हणजे सरकारच्या उन्हाळी राजधानीपर्यंत, पोचला की मग फट उरली आहे का, हे कोण बघतं?

पण सिमल्यात एक चांगलं काम झालं. मूळ विधेयकात फक्त ‘जाणूनबुजून’ एवढंच होतं. ते प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयक तपासणाऱ्या सभासदांच्या समितीकडे, गेलं तेव्हा समितीने एक शंका काढली: एखादा लेखक समाजसुधारणेसाठी, लोकांना जागं करायला, प्रामाणिकपणे धर्मावर कडक लिहील, आणि तो अपमान जाणूनबुजूनच असेल, त्याला आपण तुरुंगात घालणार का? म्हणून समितीने ‘जाणूनबुजून’च्या जोडीला ‘दुष्टबुद्धीने’ घातलं. जिना या समितीत होते. इतिहास लिहिणाऱ्याला, सत्य शोधणाऱ्याला, प्रामाणिक टीकाकाराला संरक्षण मिळालंच पाहिजे, असं त्यांनी सभागृहात ठासून सांगितलं. सप्टेंबर १९२७ मध्ये २९५अ, म्हणजे आजच्या २९९ चं मूळ, कायद्यात आलं, दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेसह. कायद्याने राजपाल मात्र वाचला नाही. एप्रिल १९२९ मध्ये इल्मुद्दीन नावाच्या तरुणाने त्याला भोसकून मारलं. त्या तरुणाच्या अपिलात वकील म्हणून जिना उभे राहिले. ऑक्टोबरअखेर त्याला फाशी झाली.

कलम आल्यावर तीनच महिन्यांत, २५ डिसेंबर १९२७ ला, महाडला मनुस्मृती जाळली गेली. आणि २ मार्च १९३० ला पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारावर सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि मागे हजारो माणसं. दरवाजे बंद केले गेले. चैत्रातल्या रथोत्सवात दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा असा समझोता झाला, तर रथच पुढे पळवला गेला आणि दगडफेक झाली. त्या वेळी देवळाच्या आतल्या माणसांना विचारलं असतं, ‘भावना कुणाच्या दुखावल्यात?’ तर ते छातीवर हात ठेवून म्हणाले असते, आमच्या. आणि ते खोटं बोलत नसते. म्हणूनच दुखावल्या की नाही, एवढ्यावर गुन्हा ठरवता येत नाही. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते बघावं लागतं. समितीने घातलेला शब्द नेमका तेच बघायला लावतो. सत्याग्रह पाच वर्षं चालला, देऊळ उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात. ‘गौरक्षक’ मासिकाचे संपादक रामजीलाल मोदी सुप्रीम कोर्टात गेले, की हे कलम अभिव्यक्तीच्या हक्काविरुद्ध आहे. १९५७ मध्ये पाच न्यायाधीशांनी कलम टिकवलं, पण टिकवलं ते याच शब्दाच्या आधारावर: हे कलम अपमानाच्या फक्त उग्र रूपाला लागतं, चुकून किंवा बेफिकिरीने झालेल्याला नाही. पुढच्याच वर्षी तमिळ समाजसुधारक पेरियारांनी मातीची गणेशमूर्ती फोडल्याचं प्रकरण आलं. खालची कोर्टं म्हणाली होती, प्राणप्रतिष्ठा न झालेली मूर्ती पवित्र कशी? सुप्रीम कोर्टाने ही व्याख्या फार अरुंद ठरवली, पण बराच काळ लोटला म्हणून प्रकरण पुन्हा उघडलं नाही. १९६१ मध्ये २९५अ ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत गेली. २०१७ मध्ये धोनीवरचा खटला रद्द झाला. एका मासिकाने त्याला विष्णूच्या रूपात मुखपृष्ठावर छापलं होतं. कोर्टाने साठ वर्षांपूर्वीचंच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं.

नव्या संहितेत २९५अ चं २९९ झालं. भर पडली ती ‘इलेक्ट्रॉनिक माध्यमातून’ या शब्दांची. बाकी मजकूर जवळपास तोच, ‘दुष्टबुद्धीने’ही जागेवर. फक्त तो कामाला येतो फार उशिरा. एफआयआर नोंदवायला कुणाची परवानगी लागत नाही. कोर्टाने दखल घ्यायला मात्र राज्य किंवा केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. म्हणजे स्क्रीनशॉट रात्री साडेदहाला, गुन्हा बाराला, अटक पहाटे, आणि मनात खरंच दुष्टबुद्धी होती का हा प्रश्न पहिल्यांदा गंभीरपणे विचारायचा तो मंत्रालयातल्या टेबलावर, कधीतरी. तोवर आरोपी तारखांना येत राहतो, आणि ज्या घोळक्याने तक्रार दिली त्यातल्या निम्म्यांना पोस्ट काय होती तेही आठवत नाही.