स्थलांतरितांसाठी भाड्याचे घर: ठाणे-नवी मुंबईत करारनोंदणीची पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

ठाणे आणि नवी मुंबईत बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबाला खोली मिळते, पण खोलीचा कागद मिळत नाही. घणसोली किंवा तुर्भ्याच्या गावठाणात अनामत रोख घेऊन किल्ली हातात दिली जाते. फार तर स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून अकरा महिन्यांचा करार लिहिला जातो. महाराष्ट्रात एवढ्याने भागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग मुदत कितीही असो. अकरा महिन्यांची प्रथा केंद्राच्या नोंदणी कायद्यातून आली, कारण तिथे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणीची सक्ती आहे. आपल्याकडे नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे आणि ती टाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय असा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ही तरतूद घरमालकाला शांतपणे समजावून सांगितली की बहुतेक वेळा तो स्वतःच नोंदणीला तयार होतो.

पात्रतेची अट फार नाही. भाडेकरू सज्ञान असावा आणि त्याची ओळख पटावी, इतकेच. आधारवर बिहारमधल्या किंवा परभणीतल्या गावचा पत्ता असल्याने करार होत नाही, हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. तो पत्ता करारात कायमचा पत्ता म्हणून जातो. अधिवासाचा दाखला लागत नाही.

ऑनलाइन नोंदणी राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर होते. घरमालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे आधार, असल्यास पॅन, आणि घराच्या मालकीची खात्री पटवणारे वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती सोबत ठेवावी. गावठाणालगतच्या ‘गरजेपोटी’, म्हणजे कुटुंबाची गरज म्हणून परवानगीविना बांधलेल्या घरांमध्ये वीजबिल कधी वडिलांच्या, कधी चुलत्याच्या नावावर असते, त्यामुळे अनामत देण्याआधी बिलावरचे नाव वाचून घ्यावे.

खर्चाचा हिशोब सरळ आहे. एकूण भाडे अधिक परतीच्या अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क पडते. भाडे १३,००० रुपये, अनामत ४०,००० रुपये आणि मुदत २४ महिने असेल, तर भाड्याचे ३,१२,००० आणि व्याजाचे ८,००० मिळून ३,२०,००० होतात, म्हणजे शुल्क ८०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये असते. दस्त हाताळणीचा आकार आणि एजंटची फी वेगळी. हा खर्च कोणी करायचा, हे बोली करतानाच ठरवून घ्यावे.

एजंट बायोमेट्रिकचे यंत्र घेऊन घरी येतो. गेल्या पावसाळ्यात एका चाळीत असे चौघे बसलो असता प्लास्टरचे काम करणाऱ्या भाडेकरूचा अंगठा पाचदा नाकारला गेला, कारण सिमेंटने रेषाच झिजल्या होत्या. कोमट पाण्याने हात धुऊन, थोडे खोबरेल चोळून आणि पुसून अनामिका ठेवली, तेव्हा यंत्राने हिरवा दिवा दाखवला. अशा कामगारांची नोंदणी संध्याकाळी कामावरून आल्या आल्या ठेवू नये.

परदेशी नागरिक आणि निर्वासित यांची वाट वेगळी आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे ओळखपत्र आधारच्या जागी चालत नाही. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्यांना मात्र आधार काढता येते. आधार नसेल, तर पासपोर्ट व व्हिसा घेऊन दोन्ही पक्षांनी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नोंदणी करावी. परदेशी व्यक्ती राहायला आल्यापासून २४ तासांत घरमालकाने तिची माहिती ऑनलाइन कळवायची असते. लोक याला आजही ‘सी फॉर्म’ म्हणतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी निर्वासितांमधून ज्या जिल्ह्यात उल्हासनगर उभे राहिले आणि जिथे पत्ता अजूनही कॅम्प नंबरने सांगितला जातो, तिथल्या घरमालकांना निर्वासित भाडेकरूचे नवल वाटू नये.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणेही घरमालकाचे काम आहे. ती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येते आणि तिची पोच दोघांनी जपावी. सोसायटीत घर असेल, तर कराराची प्रत द्यावी लागते. सदस्य स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक लावता येत नाही आणि ते सदस्याकडून घ्यायचे असते, भाडेकरूकडून नव्हे.

करार हाती आला की त्याची प्रत आधारवरचा पत्ता बदलण्यासाठी, बँक खात्यासाठी आणि आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांवर) मुलांच्या प्रवेशासाठी चालते. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी नवा करार बोलून ठेवावा, कारण मुदतीनंतरही जागा न सोडल्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते, आणि ती वसुली बहुधा अनामतीतूनच होते.