स्पेक्ट्रम स्थलांतर खर्चाची प्रतिपूर्ती

एखादा रेडिओ पट्टा, म्हणजे ठरावीक वारंवारतांच्या लहरींचा गट, सरकारने एका कामातून काढून दुसऱ्या कामाला दिला, की त्यात आधीपासून असलेल्या परवानाधारकांना दुसऱ्या पट्ट्यात जावे लागते किंवा रेडिओ सोडून केबलवर जावे लागते. नवी यंत्रे, अँटेना, मनोऱ्यावर चढणाऱ्यांची मजुरी, अभियंत्यांचे शुल्क असा त्यांचा सगळा खर्च नव्या परवानाधारकाने, लिलावाच्या उत्पन्नातून किंवा सरकारी निधीतून भरून देण्याच्या व्यवस्थेला स्पेक्ट्रम स्थलांतर खर्चाची प्रतिपूर्ती म्हणतात. या व्यवस्थेचे सर्वांत तपशीलवार नियम अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने (एफसीसी) घडवले. नंतरच्या वादांचे मूळही बहुतेक तिथेच सापडते, म्हणून या नोंदीचा भर अमेरिकेवर आहे.

परवाना म्हणजे लहरींची मालकी नव्हे. कायद्याने पाहिले तर सरकार परवान्याच्या अटी बदलू शकते, मुदत संपल्यावर नूतनीकरण नाकारू शकते. मग पैसे कशाला द्यायचे? कारण व्यवहारात आहे. जुना वापरकर्ता हलत नाही तोवर नव्याला नेटवर्क सुरू करता येत नाही, आणि हलायचे नसेल तर जुन्याकडे न्यायालय, खासदार आणि वर्तमानपत्रे असे तिन्ही दरवाजे उघडे असतात. मुंबईत जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाला शेवटचा भाडेकरू अडून बसला की काय होते, ते ज्याने पाहिले आहे त्याला हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. प्रतिपूर्तीच्या नियमांचा सगळा इतिहास एकाच ओढाताणीचा आहे: हलणाऱ्याला झालेला खर्च द्यायचा, की लवकर हलण्याची किंमत द्यायची?

१९९२ ची सुरुवात

१९९० च्या सुमारास अमेरिकेत नव्या पिढीच्या मोबाइल सेवेसाठी १८५० ते १९९० मेगाहर्ट्झ हा पट्टा निवडला गेला. तो रिकामा नव्हता. रेल्वे कंपन्या, वीज कंपन्या, तेल आणि वायूच्या वाहिन्या चालवणारे, पोलिस, अग्निशमन दले यांचे मायक्रोवेव्ह दुवे त्यात होते. एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या या दुव्यांवरून दूरच्या झडपा उघडल्या-मिटल्या जात, वीजवाहिन्यांवरचे रिले (बिघाड होताच प्रवाह तोडायला लावणारी साधने) चालत. असा दुवा तासभर बंद पडणे परवडण्यासारखे नव्हते.

आयोगाने १९९२ पासून जी पद्धत बसवली तिचे तीन टप्पे होते. पहिला ऐच्छिक वाटाघाटीचा, त्यात कोणावर बंधन नाही. दुसरा सक्तीच्या वाटाघाटीचा, त्यात दोघांनीही प्रामाणिकपणे बोलणी करायची. तरीही जमले नाही तर तिसरा, सक्तीच्या स्थलांतराचा. या शेवटच्या टप्प्यात नव्या परवानाधारकाने सगळा खर्च सोसून जुन्याला ‘तुल्य सुविधा’ उभारून द्यायची. तुल्य म्हणजे काय, हे तीन कसोट्यांवर ठरे: वहनक्षमता, विश्वसनीयता आणि चालवण्याचा खर्च. जुन्या दुव्याची निम्मीच क्षमता वापरात असेल तर चालू गरज भागेल एवढीच क्षमता देणे पुरेसे मानले जाई. उलट, नवी सुविधा बारा महिने चालवून पाहायची आणि ती कमी पडली तर जुन्याला मूळ पट्ट्यात परत आणून द्यायचे, अशीही तरतूद होती. हलणाऱ्याच्या बाजूने इतकी ठोस हमी नियमांत क्वचितच दिसते.

अडचण पहिल्या टप्प्यात आली. ऐच्छिक काळात जुन्यांनी मागावे तेवढे मागायला मोकळीक होती, आणि लिलावात मोठी रक्कम ओतून बसलेल्या मोबाइल कंपन्यांना घाई होती. काहींनी नव्या यंत्रांच्या किमतीहून बरेच जास्त मागितले. पुढच्या गटांतील परवान्यांसाठी आयोगाने ऐच्छिक काळ कमी आणि सक्तीच्या वाटाघाटीचा काळ जास्त केला.

दुसरा पेच मोबाइल कंपन्यांच्या आपसांतला. एका कंपनीने पैसे देऊन हलवलेल्या दुव्याचा फायदा शेजारच्या पट्ट्यातल्या, नंतर येणाऱ्या कंपनीलाही मिळे. ज्याने आधी खिशात हात घातला तोच फसला, असे होऊ नये म्हणून १९९६ मध्ये खर्चवाटपाचे सूत्र आले. दुव्याचा खर्च लाभार्थ्यांच्या संख्येने भागायचा आणि दर महिन्याला १२० वा भाग कमी करत जायचे. समजा, एक दुवा हलवायला दोन लाख डॉलर लागले आणि पाच वर्षांनी दुसरी कंपनी आली. तिचा निम्मा वाटा एक लाख, पण साठ महिने उलटले म्हणून तिने द्यायचे पन्नास हजार. वसूल करता येणाऱ्या खर्चाला दर दुव्यामागे अडीच लाख डॉलरची मर्यादा होती, नवा मनोरा लागला तर आणखी दीड लाख. हिशेब ठेवायला खासगी समाशोधन संस्था नेमल्या गेल्या. ४ एप्रिल २००५ नंतर मात्र पैसे देण्याचे बंधन संपले. तोवर न हललेल्यांचा दर्जा दुय्यम झाला, म्हणजे नव्याला अडथळा होत असेल तर स्वखर्चाने निघायचे.

सरकारी खात्यांचे स्थलांतर

जुना वापरकर्ता सरकारी खाते असेल तर प्रश्न वेगळा होतो. खात्याला पट्टा सोडून मिळणार काही नाही, आणि हलण्यासाठी अंदाजपत्रकात पैसेही नाहीत. डिसेंबर २००४ च्या कायद्याने अमेरिकेने यासाठी स्पेक्ट्रम स्थलांतर निधी उभारला. लिलावाचे उत्पन्न आधी या निधीत यायचे आणि तिथून खात्यांना खर्च द्यायचा. सोबत एक अट: स्थलांतराच्या अंदाजित खर्चाच्या किमान ११० टक्के रक्कम आली नाही तर लिलावच रद्द.

पहिला मोठा प्रयोग २००६ च्या लिलावात झाला. १७१० ते १७५५ मेगाहर्ट्झमधून बारा सरकारी खाती हलणार होती. लिलावातून सुमारे १३.७ अब्ज डॉलर आले, स्थलांतराचा अंदाज सुमारे १ अब्जाचा होता, प्रत्यक्ष खर्च दीड अब्जाच्या आसपास गेला. टक्केवारीत ही चूक मोठीच, पण उत्पन्नाच्या मानाने किरकोळ. त्यामुळे पद्धत टिकली, आणि २०१२ च्या कायद्याने पट्टा न सोडता वाटून वापरण्याचा खर्चही निधीतून देण्याची सोय केली.

पोलिसांचे रेडिओ आणि सोळा वर्षे

८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पोलिस-अग्निशमनच्या रेडिओ वाहिन्या आणि नेक्स्टेल या मोबाइल कंपनीच्या वाहिन्या एकमेकींत विणल्यासारख्या होत्या. नेक्स्टेलच्या मनोऱ्याजवळ गेले की पोलिसांचे वॉकीटॉकी मुके होत. २००४ मध्ये आयोगाने दोघांना वेगळे करायचे ठरवले. स्थलांतराचा खर्च नेक्स्टेलने करायचा, बदल्यात तिला १.९ गिगाहर्ट्झमध्ये १० मेगाहर्ट्झ मिळायचे. त्यांची किंमत ४.८ अब्ज डॉलर धरली गेली. खर्च आणि सोडलेल्या लहरींचे मूल्य वजा जाता काही उरले तर ते सरकारी तिजोरीत भरायचे होते.

काम जून २००५ मध्ये सुरू झाले. मुदत ३६ महिन्यांची होती. आयोगाने प्रकरण मिटवले २०२१ मध्ये. उशिराचे कारण समजायला एका शहराचे उदाहरण पुरे. गाडीतला, कमरेच्या पट्ट्याला लावलेला असा प्रत्येक संच दोनदा हातात घ्यावा लागे: आधी नव्या वाहिन्या भरायला, आणि सगळे शहर हलल्यावर जुन्या पुसायला. अग्निशमनचा जवान रजेवर असेल तर त्याचा संच तो परत येईपर्यंत थांबे. शेजारच्या शहराशी मदतीचा करार असेल तर त्यांचेही संच त्याच वेळी बदलायला हवेत. नगरपालिकेच्या तंत्रज्ञाने यावर किती तास घालवले ते लिहून ठेवायचे, कारण त्याचीही प्रतिपूर्ती होणार. मेक्सिकोच्या सीमेलगत तर २०१२ मध्ये दोन्ही देशांत नवा करार होईपर्यंत पुढे सरकताच येत नव्हते. इतका खर्च झाला, की नेक्स्टेल विकत घेणाऱ्या स्प्रिंटकडून तिजोरीत काही भरायचे उरले नाही.

टीव्ही केंद्रांची हलवाहलव

टीव्ही केंद्रांकडून लहरी घेऊन मोबाइल कंपन्यांना देणाऱ्या, २०१७ मध्ये संपलेल्या ६०० मेगाहर्ट्झच्या लिलावात दोन वेगळे व्यवहार होते आणि त्यांची अनेकदा गल्लत होते. लहरी विकणाऱ्या १७५ केंद्रांना सुमारे १० अब्ज डॉलर मिळाले. ती किंमत होती. न विकता नुसतेच दुसऱ्या वाहिनीवर ढकलल्या गेलेल्या ९५७ केंद्रांना मिळाली ती प्रतिपूर्ती. तिच्यासाठी २०१२ च्या कायद्याने १.७५ अब्ज डॉलर ठेवले होते. ते अपुरे दिसल्यावर २०१८ मध्ये आणखी १ अब्ज मंजूर झाले आणि आधी वगळलेली कमी शक्तीची केंद्रे व एफएम केंद्रे यांनाही त्यात घेतले गेले.

इथे पैशापेक्षा माणसांची टंचाई जास्त जाणवली. तीनशे मीटरच्या मनोऱ्यावर कित्येक टनांचा अँटेना उतरवून नवा चढवणारी पथके देशात मोजकीच. शिवाय एका केंद्राने वाहिनी सोडल्याशिवाय दुसऱ्याला तिथे जाता येत नाही, अशा लांबच लांब साखळ्या होत्या. म्हणून दहा टप्पे आणि ३९ महिन्यांचे वेळापत्रक आखले गेले आणि ते जुलै २०२० मध्ये जवळपास वेळेवर पुरे झाले. सरकारी कामात हे दुर्मीळच.

सी-बँड

खर्च आणि किंमत यांतली रेघ सर्वांत पुसट झाली ती उपग्रहांच्या सी-बँडमध्ये. ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झमधून केबल आणि टीव्ही कंपन्यांच्या तबकड्यांवर कार्यक्रम उतरत. इंटेलसॅट, एसईएस आदी उपग्रह कंपन्यांनी हा पट्टा आपणच खासगीत विकू, असा प्रस्ताव आणला होता. सार्वजनिक लहरी विकून परदेशी कंपन्यांनी पैसा न्यायचा हे अमेरिकी सिनेटमध्ये काहींना खटकले, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये आयोगाच्या अध्यक्षांनी सार्वजनिक लिलावाचा मार्ग धरला.

फेब्रुवारी २०२० च्या आदेशाने खालचे ३०० मेगाहर्ट्झ रिकामे करायचे ठरले: २८० मोबाइलसाठी, २० मोकळे राखीव. नवे उपग्रह, प्रक्षेपण, तबकड्यांवरची गाळणी हा सगळा वाजवी खर्च तर भरून मिळणारच होता. त्यावर लवकर हलल्याबद्दल वेगळे ९.७ अब्ज डॉलर देऊ केले गेले. त्यांत इंटेलसॅटचा वाटा ४.८७ अब्ज, एसईएसचा ३.९७ अब्ज, युटेलसॅट, टेलिसॅट आणि स्टार वन यांचे त्यामानाने थोडे. मुदती दोन होत्या: ५ डिसेंबर २०२१ आणि ५ डिसेंबर २०२३. महिनाभर उशीर झाला तर ५ टक्के कापायचे, पुढे कपात वाढत जाऊन सहा महिन्यांनंतर काहीच नाही. इतक्या उघडपणे घाईचा दर ठरवण्याचा प्रकार आधी झाला नव्हता. लिलावात ८१ अब्ज डॉलरहून जास्त आले हे पाहता तो महाग पडला असे म्हणता येत नाही, मात्र ९.७ अब्ज हा आकडा ‘प्रतिपूर्ती’ या सदरात बसवणे ओढूनताणूनच.

जमिनीवरचे काम त्यामानाने साधे होते. तबकडीच्या मध्यावर लहरी गोळा करणारे तोंड आणि त्यामागचा ग्राहक संच यांच्यामध्ये धातूचे एक गाळणे बोल्टने बसवायचे, ४ गिगाहर्ट्झखालचे सगळे तिथेच अडते. मग तबकडी गरजेप्रमाणे नव्या उपग्रहाकडे वळवायची. असे देशभरातल्या हजारो ठिकाणी. ज्यांना हे स्वतःच करायचे होते त्यांना ठोक रक्कम घेण्याचा पर्याय होता.

भरपाई न मिळणारे

प्रतिपूर्ती मिळते ती हलवल्या जाणाऱ्या, संरक्षित दर्जाच्या परवानाधारकाला. शेजाऱ्याला नाही. विमानांचे उंचीमापक रडार ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झमध्ये चालते. ते हलवायचे नव्हते, म्हणून हिशेबातही नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये सी-बँडवर ५जी सुरू होण्याच्या दिवशी व्यत्ययाच्या भीतीने अनेक विमाने रद्द झाली, एअर इंडियाचे मुंबई–नेवार्क त्यांत होते. पुढे उंचीमापकांना गाळणी बसवण्याचा खर्च विमान कंपन्यांच्याच माथी आला.

बिनतारी माइक वापरणारी नाट्यगृहे आणि चर्च यांनाही अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झ सोडताना काही मिळाले नाही. ब्रिटनने हा प्रश्न वेगळा हाताळला. ८०० मेगाहर्ट्झमधील टीव्ही वाहिनी ६९ रिकामी करताना तिथल्या नियामकाने माइकधारकांना नव्या साधनांच्या किमतीच्या ५५ टक्के देण्याचे २०१० मध्ये ठरवले. पूर्ण का नाही? कारण जुना माइक काही वर्षांनी बदलावा लागणारच होता. हिशेब चोख, पण नाटक मंडळींना तो पटणे अवघड होते.

फ्रान्समध्ये कायमस्वरूपी निधी आहे. तो आधी पैसे देतो आणि नंतर नव्या वापरकर्त्याकडून वसूल करतो.

भारत

भारतात मुख्य जुना वापरकर्ता म्हणजे सैन्यदले, आणि मोबदला रोख नव्हे तर वस्तुरूपात ठरला. २००९ मध्ये दूरसंचार आणि संरक्षण खात्यांत करार झाला: सैन्याने मोबाइल सेवेसाठी लहरी टप्प्याटप्प्याने सोडायच्या, दूरसंचार खात्याने त्यांना स्वतंत्र ऑप्टिकल फायबर जाळे बांधून द्यायचे. काम बीएसएनएलकडे गेले. २०१० च्या ३जी लिलावात सुमारे ६७,७१९ कोटी रुपये आले. जाळ्यासाठी जुलै २०१२ मध्ये १३,३३४ कोटी रुपये मंजूर झाले. मे २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने त्यात ११,३३० कोटींची भर घातली आणि एकूण तरतूद २४,६६४ कोटींवर गेली. दूरसंचार कायदा, २०२३ ने पट्ट्यांच्या पुनर्वाटपाचा अधिकार केंद्राला स्पष्ट शब्दांत दिला आहे.